फिरत्या शिडीचा सुतार

मी बुरुजाचं दार ढकललं, तशी वरून हाक आली, “दार उघडंच राहू द्या... उजेड जातो.”

ओबेरव्हीलच्या हवेलीतला हा कबुतरांचा बुरूज मी लहानपणापासून बघत आले होते. बाहेरून लाल विटा आणि काळ्या गारगोटीचे पट्टे. आत छपरापर्यंत गोल चढत गेलेले दीड हजार कोनाडे, मधोमध ओकचा उंच खांब, आणि खांबाबरोबर फिरणारी शिडी. आज त्या शिडीवर एक अनोळखी तरुण बसला होता. केसांत पिसं अडकलेली.

“तुम्ही सुतार?”

“कॉरांतँ. आणि तुम्ही?”

“पेरीन. गवंडी. चुन्याचं काम करायला आलेय... तुमची परवानगी असेल तर.”

“या की. इथला एकही कोनाडा वाकडा नाही. आता तुमचा हात बघू.”

“आधी तुमची शिडी फिरते का बघा.”

ती फिरत नव्हती. खांबाचा बुडखा कुजला होता. हवेलीच्या मालकीणबाई, मदाम तुर्नेल, बघायला आल्या आणि म्हणाल्या, “काढून टाका. लोखंडी शिडी आणू.”

कॉरांतँचा चेहरा उतरला. मीच मध्ये पडले, “बाई, या शिडीवरून माणूस खाली न उतरता प्रत्येक घरट्यापर्यंत पोचतो. आठवडाभराची मुदत द्या. हे करतील दुरुस्त.”

तो माझ्याकडे बघतच राहिला.

बाहेर आठवडाभर पाऊस होता. त्यानं कुजका भाग कापून नवं लाकूड सांधलं, मी खालचा दगड चुन्यात बसवला. चुन्यानं माझी बोटं फुटली होती. एका दुपारी माझ्या डब्याशेजारी मेणाच्या मलमाची डबी दिसली... तो मात्र पाठ करून रंधा मारत होता.

शनिवारी त्यानं मला शिडीवर बसवलं आणि एका बोटानं ढकललं. आवाज न करता शिडी फिरू लागली. कोनाड्यांमागून कोनाडे सरकत गेले, कुठे पंख, कुठे टपोरे डोळे.

“ज्यानं हे बांधलं, त्याला भेटायला हवं होतं,” मी म्हणाले.

“नको. त्याला भेटली असतीस, तर माझ्याकडे बघितलंही नसतंस.”

“असतीस?”

त्याचे कान लाल झाले. “असतात... म्हणायचं होतं.” मग हळूच, “सोमवारी मी निघतोय. समुद्रकाठच्या एका चर्चचं छप्पर आहे. दोन वर्षांचं काम.”

शिडी थांबली.

“भिंती कशा आहेत तिथल्या?”

“ढासळायला आल्यात.”

“मग गवंडी लागेल. विचारून ठेव.”

मी ‘ठेवा’ म्हणाले नव्हते. त्याच्या ते बरोबर लक्षात आलं.