तिसरा सिलिंडर

दिवा असाच बारीक राहू दे. ही माझ्या साडूची गोष्ट. गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करणारा माणूस, तीस वर्षं वायरींमध्ये हात घालून बसलेला. भुताखेतांचा विषय निघाला की तो उठून चहा टाकायला जायचा. हे त्यानं मला एकदाच सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या मार्चमधली तेवीस तारीख, शनिवार. संध्याकाळी सातला दातांचा एक डॉक्टर त्याच्याकडे गाडी घेऊन आला. दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार. वीस वर्षं जुनी, तिसऱ्या हातची, पण अजून माना वळाव्यात अशी.

"इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी बंद पडते," डॉक्टर म्हणाला. "या महिन्यात तीनदा. दरवेळी रात्री, पुलाच्या उतारावर."

"आणि दिवसा?"

"दिवसा अगदी गरीब गाय. सकाळी सहाला देता येईल? बायकोला माहेरी सोडायचंय. सातवा महिना आहे, वाटेत अडकून चालणार नाही."

साडूनं स्कॅनर लावला. कोड सरळ होता: तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही. या गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगी देणारी एक कॉइल असते. त्यानं तिसऱ्यावरची कॉइल पहिल्यावर बसवली, पहिल्यावरची तिसऱ्यावर, आणि कोड पुसला. कॉइलच खराब असेल तर आता तक्रार पहिल्याची येणार. पण दुकानात दोन तास इंजिन चालवलं तरी गाडीनं हूं की चूं केलं नाही.

शेवटी त्यानं बायकोला फोन केला. "तू झोप. पुलापर्यंत एक चक्कर मारून येतो."

"उद्या मारा की."

"उद्या पोटुशी बाई बसायची आहे गं तिच्यात."

पूल चढला तेव्हा पावणेबारा झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खाली नदीचं पात्र कोरडं, नुसते दगड. उतार लागला. इंजिनाचा दिवा लागला. गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

त्यानं स्कॅनर पाहिला. पुन्हा तिसरा.

म्हणजे कॉइलचा दोष नव्हता. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली, बॉनेट उघडलं, टॉर्च धरला. आणि त्याला आवाज आला.

टक... टक... टक...

ठिणगी पडल्याचा आवाज. तीस वर्षं ऐकलेला. बंद इंजिनात. त्यानं तिसऱ्या कॉइलची वायर उपटली.

टक... टक...

त्यानं हात लावला. बाकीचं इंजिन चटके देत होतं. तिसरी कॉइल बर्फासारखी गार.

तेवढ्यात आत घंटी वाजू लागली. शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते, ती. टिंग... टिंग... साडूनं बॉनेटच्या कडेनं काचेत पाहिलं. सीट रिकामी होती.

किल्ली खिशात होती. त्यानं चाचपून पाहिली.

टिंग... टिंग...

मग खट्. पट्टा लागल्याचा आवाज. घंटी थांबली.

कुणीतरी बसलं होतं. निघायची वाट बघत होतं...

पळावंसं वाटलं, असं तो म्हणाला. पण पळालो तर सकाळी सहाला डॉक्टर येणार. त्या सीटवर त्याची बायको बसणार. तो तसाच दाराशी गेला. काच अर्धी उघडी होती. आत वाकायचा धीर झाला नाही.

"कोण आहात मला माहीत नाही," तो म्हणाला. "कुठं जायचंय तेही माहीत नाही. पण उद्या या जागी पोटुशी बाई बसायची आहे. तिच्या वाट्याला जाऊ नका."

काही नाही.



मग खट्. पट्टा सुटला. दार मात्र उघडलं नाही.

त्यानं वायर जोडली. एका झटक्यात गाडी चालू झाली. दुकानापर्यंत त्यानं शेजारी पाहिलं नाही. एक वाजून वीस मिनिटांनी शटर ओढलं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

सहाला डॉक्टर आला.

"झाली?"

"कोड गेला. पण आज माझी व्हॅन न्या."

"अहो, कोड गेला ना?"

"डॉक्टर... व्हॅन न्या."

डॉक्टरनं त्याचं तोंड पाहिलं आणि व्हॅनची किल्ली घेतली. दहाला त्याचा फोन आला, दोघं सुखरूप पोचली होती. तेव्हा कुठं साडूनं पाना उचलला. रात्री उभ्या केलेल्या गाडीचा तिसरा प्लग, जिथं ठिणगी पडते तो, खोलून वर काढला.

प्लगवर काजळी नव्हती. पेट्रोलचा वास नव्हता. तो पाण्यानं ओला होता, नदीच्या गाळाचा वास येत होता. टोकाला शेवाळाचा हिरवा धागा चिकटला होता, आणि त्या धाग्यावर मोहरीएवढी गोगलगाय.

ती चालत होती.