झाकलेला पेला

वाईट बातमी उभ्याने सांगायची नाही, हा डॉ. हिंमतराव सरांचा पहिला नियम. "उभ्या उभ्या द्यायला आपण काय पोस्टमन आहोत?" असं ते प्रत्येक नव्या फेलोला विचारत आणि उत्तराची वाट न बघता स्टूल पुढे सरकवत.

कर्वेनगरच्या एका आतल्या गल्लीत, दोन सोसायट्यांच्या मधे त्यांचं केंद्र होतं. बऱ्या न होणाऱ्या आजारांची माणसं तिथे येत. त्यांचं दुखणं कमी करायचं, श्वास सोपा करायचा आणि उरलेले दिवस त्यांच्या मनासारखे जाऊ द्यायचे, एवढंच काम. एम.डी. झाल्यावर सुमय्या इथे फेलोशिपला आली, तेव्हा तिच्या फुप्पूने, म्हणजे आत्याने, विचारलं होतं, "म्हणजे बरं कुणालाच करत नाहीस? मग एवढं शिकलीस कशाला?"

मॉर्फिन कुणाला किती द्यायचं, धाप लागलेल्याला कसं बसवायचं, हे सगळं ती झपाट्याने शिकली. गाडी अडली ती सांगण्यापाशी.

सांगण्याची तिथली रीत ठरलेली होती. आधी ऐकणाऱ्याच्या उजव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवायचा, बशीने झाकून. शेजारी स्वच्छ रुमाल, चौघडी घालून. पेशंट पलंगावर असेल तर डॉक्टरसाठी एक स्टूल; हिंडताफिरता असेल तर दोन स्टुलं, समोरासमोर. ऐकणारा नीट टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मग विचारायचं, "तुम्हाला किती ऐकायचंय?" तेवढंच सांगायचं, जास्त नाही.

सुमय्या पेला भरायची, रुमाल ठेवायची, स्टुलावर बसायची आणि विचारायची, "जेवण जातंय का?" सर दारातून बघून निघून जायचे. काही बोलायचे नाहीत, आणि तेच तिला जास्त लागायचं.

त्यात गोदाबाई आल्या. वाशीमकडच्या, पोराच्या नोकरीपायी पुण्यात आलेल्या. पोटातला आजार सगळीकडे पसरला होता. मुलगा दत्तप्रसाद सुमय्याला व्हरांड्यात गाठून हात जोडत म्हणाला, "मॅडम, आईला काही सांगू नका. ती खचून जाईल."

अशा वेळी काय बोलायचं ते तिला तोंडपाठ होतं. आजाऱ्याला कळलेलंच असतं. लपवल्याने तो फक्त एकटा पडतो. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. कारण हेच वाक्य, अगदी याच सुरात, तिच्या भावाने म्हटलं होतं. इरफान हिंजवडीतून फोनवर म्हणाला होता, "अब्बांना सांगू नकोस, सुमी. खचतील." आणि तिथेही ती "बरं" म्हणाली होती. दिवसभर खरं सांगायला शिकणारी बाई घरी जाऊन बापाला सांगत होती, "काही नाही अब्बा, लिव्हरला सूज आहे." काय म्हणावं या शहाणपणाला!

अब्बांचं, मकबूलभाईंचं, नारायण पेठेत बुकबाइंडिंगचं दुकान होतं. त्याला आता कुलूप होतं. हात थरथरायचे, डोळे पिवळे झालेले. ते रोज विचारायचे, "ही सूज कधी उतरणार गं?" आणि ती पथ्याचं बोलायची.

बुधवारी सुट्टी घेऊन ती अब्बांना स्कॅनला घेऊन गेली. पूर्ण दिवस तिथेच गेला. गुरुवारी सकाळी राउंडला आली, तर गोदाबाई उशाला टेकून बसलेल्या. चेहरा उतरलेला, पण शांत. दत्तप्रसाद त्यांचे पाय चेपत होता आणि रडत होता.

"बोललो आम्ही मायलेक," गोदाबाई म्हणाल्या. "गावाकडं न्या म्हटलं मले. बरं केलं बाई, तुम्ही सांगितलं."

"मी? कधी?"

"काल नाही का! इथंच बसल्या होत्या. लय चांगलं सांगितलं. हात तेवढा गारगार होता तुमचा."

औषधाच्या गुंगीत पेशंटना भास होतात. तसं पुस्तकातही आहे. सुमय्याने डोस तपासला. डोस बरोबर होता. उशाशी झाकलेला पेला होता, आणि रुमालाची घडी मोडलेली होती.

दुपारी सरांनी तिला थांबवलं. "काल गोदाबाईंशी बोललीस, दारातून पाहिलं मी. सुरेख. घाई नाही, उपदेश नाही. पण सुट्टी टाकून कामाला कशाला यायचं? आमच्यावर उपकार?"

"सर, मी काल..." एवढंच ती म्हणाली. सर पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसले होते. तिच्याने पुढे बोलवेना. खोटं कौतुकसुद्धा गोड लागतं, याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डातल्या यज्ञेश्वरकाकांकडे गेली. काका निवृत्त मुख्याध्यापक, जीभ तिखट. आज माघार नाही, असं ठरवून तिने पेला ठेवला, रुमाल ठेवला, स्टूल ओढलं. "काका, तुम्हाला किती ऐकायचंय?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, सकाळी एकदा ऐकवलंत की. मरायचं एकदाच आहे, सांगणार किती वेळा?"

"सकाळी मी कुठं बसले होते, काका?"

"आत्ता बसलायत तिथेच. ओढणी हीच, चष्म्याच्या काडीला लावलेली चिकटपट्टीही हीच. ती बदलून घ्या एकदा, वाईट दिसते." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पण खरं सांगू? छान सांगितलंत. मला वाटायचं, मला भीती वाटेल."

सुमय्या बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बेसिनपाशी उभी राहिली. तोंडावर पाणी मारलं. आरशात बघायचं मात्र तिने टाळलं. कोण असेल ते असो, डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली. जे सांगायचं तिच्या जिवावर येत होतं, तेच कुणीतरी सांगत होतं. आणि तिने सगळ्यात जास्त दाबून ठेवलेलं सांगणं या केंद्रात नव्हतंच. ते गंज पेठेत होतं, घरी.

तिने इरफानला फोन लावला. "मी अब्बांना सांगतेय. आज. आत्ता."

तो म्हणाला, "मीपण निघतो. सांग तू. माझ्याच्याने नाही होणार."

रिक्षात ती वाक्यं जुळवत राहिली. बाप एकच असतो, हे बोलणंही एकदाच व्हायचं. ते तिला स्वतःच्या तोंडाने करायचं होतं, चुकलं तरी चालेल, रडू आलं तरी चालेल. लक्ष्मी रोडला रिक्षा अडकली तेव्हा ती भाडं देऊन उतरली आणि चालत सुटली.

दार नुसतं लोटलेलं होतं. अब्बा खिडकीपाशी खाटेवर, दाराकडे पाठ करून बसले होते. उशाशी झाकलेला पेला. हातात रुमाल.

"अब्बा, मला तुमच्याशी बोलायचंय."

"अजून काही राहिलंय?" ते वळून हसले. डोळे ओले होते. "सगळं तर सांगितलंस. कबरस्तानात अम्मीच्या शेजारी जागा बघ म्हटलं, तर हो म्हणालीस. दुकानातली कात्री आणि पुस्तकं आवळायचा दाब इरफानला देईन म्हटलं, तर हो म्हणालीस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि रडलीस, बेटा. लहानपणी जिन्यावरून पडलीस, तेव्हासुद्धा रडली नव्हतीस. माझ्या मनावरचं ओझंच उतरलं बघ."

सुमय्याला हुंदका आला. अब्बांना बरं वाटत होतं, आणि तिचं काळीज तुटत होतं. ते रडणं तिचं होतं. तो "हो" तिचा होता. दुसरंच कुणीतरी येऊन तिच्या वाट्याच्या बापाला भेटून गेलं होतं.

तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"आता ऊब आली तुझ्या हाताला," अब्बा म्हणाले. "मघाशी बर्फ झाला होता नुसता." मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "चहा ठेवायला गेली होतीस ना? उतू जाईल."

ती उठली.

आत गॅस बारीक होता. चहाला नुकती उकळी येत होती. आलं तिच्या आवडीइतकं, जरा जास्तच.

ओट्यापुढची जागा मोकळी केलेली होती. तिथे दोन स्टुलं होती, समोरासमोर.

ओट्याच्या कडेला बशीने झाकलेला पेला होता. शेजारी रुमाल, चौघडी घातलेला.

पेला दाराकडच्या स्टुलाच्या उजव्या हाताशी होता. ते स्टूल जरासं मागे ओढलेलं होतं, आत येणाऱ्याला बसता यावं म्हणून.

ऐकणारा टेकेपर्यंत शब्द काढायचा नाही, हे तिला पाठ होतं.

सुमय्या उभीच राहिली.