ला ब्रुस खिंडीतला नळ

ही घडलेली गोष्ट आहे. शपथ घेतली असती, पण आमच्या सायकल क्लबात शपथेपेक्षा शिक्क्याला मान जास्त.

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी, फ्रान्समधल्या आर्देशच्या डोंगरात, ला ब्रुस खिंडीवरून एकशे बेचाळीस किलोमीटरची फेरी झाली. अकरा जण गेले.

दहा परत आले.

खरं तर अशी फेरी झालीच नाही. क्लबच्या वहीत ती खोडलेली आहे, वर गोल शिक्काही आहे. तेव्हा पुढचं सगळं घडलेलं नाही असं समजून वाचा.

फेरी आखली होती गास्पारने. स्वयंपाकघरात नकाशा पसरून. चढ जितका छळणारा, तितका गडी खूश. क्लबचा नियम साधा आहे : आखणाऱ्याने आधी स्वतः फेरी मारायची आणि मग कागदावर सही करायची.

गास्पारने मारली. खिंडीच्या दोन किलोमीटर अलीकडपर्यंत.

तिथे चेस्टनटचा केक फार छान मिळतो. एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि उताराने घरी आला. वरचा नळ जुन्या नकाशात होताच. त्याने लिहिलं : 'खिंड. पिण्याचं पाणी.'

खाली सही.

त्या रविवारी सावलीत एकोणचाळीस अंश होतं. खिंडीत सावलीच नव्हती.

गास्पार केकच्या दुकानाबाहेर सगळ्यांच्या कार्डांवर शिक्के मारायला बसला होता. सगळ्यात मागून ओनोरे आला. अडुसष्ट वर्षांचा, निवृत्त पोस्टमन. त्याची निळी बाटली रिकामी होती.

"भरून घ्या की," दुकानवाली म्हणाली.

"वर नळ आहे ना! उगाच वजन कोण ओढणार? आमच्या पोराने बघून लिहिलंय." त्याने गास्पारच्या पाठीत धपका घातला. "काय रे?"

गास्पारच्या तोंडात केक होता.

त्याने मान हलवली.

ओनोरे नळापाशीच सापडला. नळ कोरडा होता. "मी गेलो तेव्हा तर धो धो वाहत होता," गास्पार सगळ्यांना म्हणाला. दफनाच्या वेळी निळी बाटली शवपेटीत त्यानेच ठेवली.

आठवड्याने क्लबात कार्ड आलं. जिथे शिक्का मारायला माणूस नसतो, तिथल्या टपालपेटीत कार्ड टाकायचं, ही आमची पद्धत. ओनोरेचं अक्षर. 'खिंड, १२.५५. नळ कोरडा. थांबतो.'

मरण्यापूर्वी टाकलं असेल. सगळे रडले.

ऑगस्टमध्ये दुसरं आलं...

'खिंड, १५.२०. अजून कोरडा. गास्पारने पाहिलाय, म्हणजे येईलच.'

टपालाचा शिक्का ऑगस्टचाच.

"मादाम, हे काय?" गास्पारने अध्यक्ष सोलांजबाईंना विचारलं.

"कार्ड. ठिकाण, वेळ, सही... नियमात बसतंय."

"अहो, पण तो मेलाय!"

"नियमात त्याबद्दल काही नाही. फेरी संपवायच्या वेळेची मर्यादा मात्र ओलांडली बिचाऱ्याने."

मग दर महिन्याला कार्ड. शेवटचं वाक्य तेच. पाहिलाय, म्हणजे येईलच.

गास्पारला केक जाईना. मग भाकरी जाईना.

या जुलैत, भर दुपारी, तो एकटा निघाला. केकचं दुकान मागे पडलं. पुढचा रस्ता त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

झाडांतली किड्यांची किरकिर... बंद झाली.

मागून फ्रीव्हीलची टिकटिक आली, पेडल थांबवल्यावर चाकातून येते ती. चढावर. चढावर कोण पाय थांबवतं?

मागे कुणी नव्हतं.

वर नळ. नळाखाली निळी बाटली. झाकण उघडं.

त्याने स्वतःची बाटली तिच्यात ओतली आणि डोळ्यांतला घाम पुसला.

निळी बाटली रिकामी. आतून कोरडी.

कानामागे कुणीतरी घोट गिळला...

"थांबा, आणतो," गास्पार म्हणाला. दुकानापर्यंत खाली, पुन्हा वर. पुन्हा रिकामी. त्या दिवशी ती खिंड त्याने सात वेळा चढली. क्लबचा विक्रम आहे. नोंद नाही.

मंगळवारी कार्ड आलं. 'पोरा, दमलास तू. नळालाच पाणी सोड ना.'

तो तडक सोलांजबाईंकडे गेला. "मी वर गेलोच नव्हतो, मादाम. आणि त्याला होय म्हणालो."

बाईंनी कपाट उघडलं. मग वही काढली, फेरीवर रेघ मारली, शिक्का उमटवला.

"सही खोटी, म्हणजे फेरी झालीच नाही. फेरी नाही, तर मर्यादाही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आता तो कितीही वेळ थांबू शकतो."

गास्पार अजून रविवारी पाणी नेतो. गावच्या कचेरीत त्याचा अर्ज पडून आहे. त्या नळाची जलवाहिनी अठरा वर्षांपूर्वीच उखडलीय. अर्ज असा :

'विषय : ला ब्रुस खिंडीतील नळास पाणी पूर्ववत सोडणेबाबत.

लाभार्थी : एक.

कारण : अर्जदाराने सदर नळ पाहिला नव्हता.

तरी विनंती की, पाणी सोडावे. आणि ते शक्य नसल्यास, लाभार्थ्यास थांबू नये असे आपल्या स्तरावरून लेखी कळवावे. अर्जदाराच्या सांगण्यावर त्यांनी विश्वास ठेवू नये.'