मधली सोळा पानं

सोलापूरच्या एसटी स्टँडवर, समोरच्याच बाकावर एक गृहस्थ माझं पुस्तक वाचत बसले होते. माझं! प्रकाशकांनी तीनदा साभार परत केल्यावर, बासष्टाव्या वर्षी हट्टाने स्वतः छापलेली कादंबरी. लोकांच्या हातात ती मीच ठेवली होती, पण वाचताना कुणाला कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू... मी माझी बस बघायचंच विसरले.

पांढऱ्या मिशा, नाकाच्या टोकावर चष्मा. वाचताना ओठ हलायचे. मधेच ते हसले, तर मीही वेड्यासारखी हसले. आणि एकदम कपाळाला आठ्या घालून त्यांनी पुस्तक मिटलं. "काय बाई हाय ही!"

माझं डोकंच फिरलं. "नसेल आवडत तर ठेवा की बाजूला!"

"आवडतंय म्हणून तर राग येतोय. हे बघा, चौसष्टनंतर एकदम एक्क्याऐंशी. मधली पानंच न्हाईत!"

मी पिशवीतली प्रत काढली. चौसष्ट... एक्क्याऐंशी. दुसरी काढली, तीच गत. बांधणीत सोळा पानांचा अख्खा गठ्ठाच राहिला होता. मी मेली सहा महिने नुसतं मुखपृष्ठ कुरवाळत बसले! पण बाकीच्यांचं काय? दीडशे प्रती वाटल्या. शाल-श्रीफळ झालं, 'छान लिहिलंय' झालं. जाऊबाई तर म्हणाल्या, एका बैठकीत संपवलं. आणि सोळा पानं नाहीत हे एकालाही कळू नये? भर स्टँडवर माझे डोळे भरून आले.

त्यांनी पुस्तकामागचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "तुमीच व्हय? फोटोत केस काळे हाईत."

"छपाईत होतात काळे," मी फणकारले.

ते मिशीतल्या मिशीत हसले. बिरप्पा त्यांचं नाव. मूळचे सांगोल्याचे, चिंचोळीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त, घरी एकटेच. पुस्तक वाचनालयातून आणलेलं.

"एवढं सांगा, बाई. गोष्टीतला तो गडी म्हाळसाला इचारतो, 'येतीस माझ्यासंगं?' अन् पान संपलं. पुढं बघतो तर ही एकलीच विहिरीवर. का गेली न्हाय?"

"माझी कुंभारीची बस लागली..."

"जाऊ द्या की एक बस."

गेली. मग दुसरीही गेली.

उत्तर तोंडी न देता पुढच्या गुरुवारी मी हाताने लिहिलेली ती पानं घेऊन आले. त्यांनी चारच घेतली. "पुरवून पुरवून वाचतो." स्टँडच्या कॅन्टीनमध्ये चार पानं आणि दोन चहा, असे चार गुरुवार गेले. प्रत्येक गुरुवारी मी कपाटातली जरा बरी साडी काढायची आणि स्वतःलाच दटावायची — अगं, वय काय तुझं!

चौथ्या गुरुवारी शेवटचं पान आलं. 'लोक काय म्हणतील,' म्हणून म्हाळसा नकार देते. बिरप्पांनी चष्मा काढला.

"हे म्हाळसा म्हणती, का तुमी?"

हे गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून हसतानासुद्धा मी आधी लोकांकडे बघत आले होते.

"दोघीही," मी म्हणाले.

"लोकांनी तुमचं पुस्तक वाचलं न्हाय, वैजयंतीबाई. मी वाचलं. दोनदा. मग लोकांचं कशाला धरता? मला इचारा की."

"काय विचारू?"

"ते बी मीच सांगू? बरं..." त्यांचे कान लालबुंद झाले. "येता माझ्यासंगं?"

कॅन्टीन माणसांनी भरलेलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलंच नाही.

"येते."

आता प्रेसवाला बिचारा रोज फोन करतोय — चूक आमची, सोळा पानं फुकट छापून देतो, मजकूर तेवढा पुन्हा पाठवा. त्याला म्हटलं, थांब बाबा जरा. ती पानं मी नव्याने लिहितेय. आणि एक्क्याऐंशीवं पानही बदलावं लागेल. विहिरीवर म्हाळसा आता एकटी नसते.