जुळं हृदय

अहो, जरा सरकून जवळ बसा. कथा उद्याची आहे, पण ऐकायची आजच.

त्या काळी हृदयाचं औषध आधी माणसाला देत नसत. तपासण्यांवरून प्रत्येक रुग्णाचं एक 'जुळं' घडवत, म्हणजे संगणकात धडधडणारं त्याचंच हृदय. डोस आधी जुळ्याला. ते सुखरूप राहिलं की मग रुग्णाला. रुग्णाच्या मनगटावरचा ठोके मोजणारा पट्टा जुळ्यापेक्षा वेगळं सांगू लागला, तर रुग्ण हलला असेल असं धरून यंत्र पट्ट्याचाच आकडा दुरुस्त करी.

रूथ साळवे सिस्टर मात्र डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी देण्याआधी छातीला नळी लावून पुरं एक मिनिट ठोके मोजत. साठाच्या खाली भरले, तर गोळी थांबवायची.

त्या सकाळी त्यांच्या वॉर्डातल्या दामूअण्णांचे भरले अठ्ठेचाळीस. पडद्यावर बहात्तर.

"सिस्टर, भिंतीला हळद कुणी फासली हो?" अण्णा क्षीण हसले.

रूथ चपापल्या. सगळं पिवळं दिसणं, म्हणजे औषध अंगात साचल्याची खूण. "अण्णा, शेवटचं जेवलात कधी?"

"तेरवा. परवा एकादशी निर्जळी केली. काल पारण्याला मळमळलं, पाणीसुद्धा जाईना. दोन्ही दिवस ताट देवाला दाखवून शेजारच्या खाटेवर प्रसाद दिला. यंत्रानं विचारलं, ताट पोचलं का? म्हटलं, पोचलं. देवाला पोचलंच की! खोटं कशाला बोलू?"

पाण्यावाचून मूत्रपिंडं मंदावली होती, औषध बाहेर पडत नव्हतं. त्या उत्तरावरून जुळं मात्र दोन्ही दिवस पोटभर जेवलेलं.

जुळी घडवणारे डॉक्टर देवस्थळी फेरीला आले.

"सर, गोळी थांबवलीय. रक्त तपासू या."

"जुळ्यानं तासापूर्वी घेतलीय. ठणठणीत आहे."

"त्याला उपास घडला नाही, सर. एक मिनिट नळी लावून बघा."

"तुमच्या कानाची चूक शेकडा किती, मोजलंय कधी?"

"नाही. पण अण्णा समोर आहेत."

"म्हणूनच तर फसता तुम्ही."

रूथना वॉर्डाबाहेर काढलं. डॉक्टरांनी गोळी स्वतः दिली. अण्णांनी ती तीर्थासारखी घेतली. दुपारी हृदय थांबलं.

चौकशीत जुळं तपासलं. गोळीनंतरही बहात्तर, एक ठोका चुकलेला नाही. म्हणजे औषध निर्दोष. दोष ठरला रूथनी केलेल्या उशिराचा. त्यांची परिचारिका म्हणून नोंदणीच रद्द झाली.

अण्णांची मुलगी मालू आली, तेव्हा डॉक्टरांनी कळवळ्यानं पडद्याचा आवाज वाढवला. "ऐका, किती छान चाललंय."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे कुणाचं?"

डॉक्टरांनी अण्णांचं नाव वाचून दाखवलं.

ते जुळं अजून धडधडतंय; इतकं बिनचूक, की नव्या रुग्णांची जुळी त्याच्यावरूनच बेततात. मायबापहो, हात जोडून एवढंच मागतो: देवापुढे बसाल, तेव्हा रूथ सिस्टरांची आठवण काढा.