तीन दरपत्रकं आणि दोन घागरी

महादेवीला त्या दुकानात जायचंच नव्हतं. तिच्या कागदावर तिसरं नाव होतं कोपऱ्यावरच्या स्टुडिओचं, पण त्याला कुलूप निघालं. उन्हात उभं राहवेना म्हणून ती शेजारच्या दुकानाच्या सावलीला आली. आत एक तरुण खाली मान घालून, बारीक कुंचल्यानं कुणाच्या तरी फोटोवरचे पांढरे ठिपके भरत होता. त्यानं वर पाहिलं. कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, बोटं फोटोच्या औषधानं तपकिरी झालेली. आलोच आहोत तर विचारावं, म्हणून तिनं वीस बाय चोवीस इंची फोटोचा दर विचारला.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि महादेवी त्या नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत टायपिस्ट होती. तिथं सुतळी घ्यायची म्हटलं तरी तीन दरपत्रकं, मग तुलनेचा तक्ता, मग सगळ्यात कमी दराला मंजुरी. ही शिस्त तिच्या इतकी अंगवळणी पडली होती, की गेलेल्या आईचा फोटो मोठा करायचा तर त्याचाही तिनं तक्ता टाइप केला होता. नांदेडचा स्टुडिओ नव्वद रुपये, एसटीचं भाडं वेगळं. लातुरातलाच बाजारातला एक, सत्तर. ह्या तरुणानं – विरूपाक्ष त्याचं नाव, दुकान त्याचंच – एकशे दहा सांगितले.

"अन् दोन घागरी पाणी आणावं लागंल," तो म्हणाला.

तिला वाटलं, थट्टा करतोय. दुष्काळाचं दुसरं वर्ष, नळाला पाणी आठव्या दिवशी, आणि हा घागरी मागतोय! पण तो शांतपणे समजावू लागला. औषधातून काढलेला मोठा फोटो पाणी बदलून बदलून तासभर धुवावा लागतो. औषध कागदात राहिलं, तर दोन-तीन वर्षांत चेहरा पिवळा पडून जातो.

"पाणी न्हाई म्हणून लोक एकाच टबात दिवसभराचे फोटो बुचकळून राहिले. मला ते जमत न्हाई."

"आमच्यात सगळ्यात कमी दर मंजूर होतो," महादेवी म्हणाली.

"मग माझं नाव खालीच राहील..." तो हसला आणि तिचा कागद नीट घडी करून परत दिला.

घरी जाताना तिच्या ध्यानात आलं, की बाकीच्या दोघांनी वाक्यागणिक 'अक्का, अक्का' केलं होतं. ह्यानं एकदाही नाही. का कोण जाणे, तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच रागही आला.

घाईला कारण होतं. तिच्या वडिलांना, ईश्वरप्पांना, काचबिंदू झाला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगवत नाही. आणि आईचा, पार्वतम्माचा, एकच फोटो घरात होता. उदगीरच्या जत्रेत काढलेला, सात बायकांच्या घोळक्यात, चेहरा नखाएवढा. ईश्वरप्पा रोज सकाळी तो खिडकीशी धरायचे आणि पुन्हा जागेवर ठेवून द्यायचे. त्यांची नजर जायच्या आत आई त्यांना एकदा मोठी, स्वच्छ दिसावी, एवढंच महादेवीला हवं होतं.

नियमाप्रमाणे तिनं सत्तरवाल्याला काम दिलं. आठ दिवसांत फोटो आला, चकचकीत. ईश्वरप्पा अगदी जवळ गेले, मान तिरकी करून बराच वेळ पाहत राहिले.

"बाई चांगली हाय," ते म्हणाले. "कोण हाय ही?"

महादेवीनं निरखून पाहिलं, तेव्हा कळलं. आईच्या कपाळावरच्या विभूतीच्या तीन रेघा त्या कारागिरानं जुन्या फोटोवरचे ओरखडे समजून रंगवून टाकल्या होत्या. आणि नजर अंधुक झालेला माणूस आपल्या बायकोला त्या तीन रेघांवरूनच तर ओळखणार होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ती विरूपाक्षच्या दुकानात गेली. एक घागर कमरेवर, एक हातात. दोन्ही फोटो तिनं काउंटरवर ठेवले.

"विभूती पुसली," तोच हळू म्हणाला.

तेवढ्यानं तिला रडू आलं. इतक्या दिवसांत आपलं दुःख काय आहे हे कुणी असं न सांगता ओळखलं नव्हतं. त्यानं समजूत घातली नाही. स्टूल आणून दिलं आणि घागरी सावलीत ठेवल्या.

चार दिवसांनी त्यानं तिला फोटो धुवायला बोलावलं. दुकानामागच्या अंगणात मोठा ट्रे, त्यात आई. महादेवी बारीक धार धरायची, तो ट्रे हलवायचा, पाणी सांडून पुन्हा भरायचा. पाण्याखाली आईचं कपाळ, त्यावर तीन रेघा. तिच्या घागरी संपल्या, तेव्हा त्यानं आतून आणखी दोन आणल्या.

"हे कशाचं पाणी?"

"माझ्या अंघोळीचं."

"उद्याच्या?"

"उद्याच्या... अन् परवाच्या. पूजेपुरतं ठेवलंय."

"मग परवा गिऱ्हाइकांनी लांबूनच बोलावं म्हणायचं," ती म्हणाली. तो इतका लाजला, की ट्रे कलंडता कलंडता राहिला. दोघांनी एकदमच तो सावरला. तिची बोटं त्याच्या बोटांवर होती – आणि दोघांनाही ती काढायची आठवण जरा उशिराच झाली.

रविवारी तो खिळा ठोकायला घरी आला. फोटो भिंतीवर लागला आणि ईश्वरप्पा समोर उभे राहिले. त्यांचा हात त्या तीन रेघांपर्यंत गेला आणि काचेवर थांबला.

"महादेवे," ते म्हणाले, "तुझी माय आली."

मग ते तिथंच खाली बसले आणि पाहुण्याला चहा ठेवायला सांगितलं.

निघताना विरूपाक्ष दारात घुटमळला. चपलेत पाय घातला, पुन्हा काढला.

"एक विचारायचं होतं... तुमच्या घरी मागणं घालावं म्हणतो. पण तुम्ही तक्ता करणार. दुकान भाड्याचं, हात असे तपकिरी... मी खालीच राहीन."

महादेवीनं मागं वळून पाहिलं. वडील अजून फोटोकडेच पाहत होते. आपण आजवर सगळं स्वस्त ते निवडत आलो, आणि हा माणूस मात्र दोन दिवसांची अंघोळ आपल्या आईवर ओतून मोकळा झाला, हे तिच्या मनात भरून आलं.

"आमच्या कचेरीत अजून एक नियम हाय," ती म्हणाली. "जी वस्तू एकाच ठिकाणी मिळती, तिला तीन दरपत्रकं लागत न्हाईत."

त्याला समजायला क्षण लागला. मग तो चपला तिथंच ठेवून, ईश्वरप्पांशी बोलायला पुन्हा आत आला.