झिंगूच्या जाळ्यातलं शिसं

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. मी छत दुरुस्त करणारा मिस्त्री, गोष्टी रचणं मले जमत नाई. हे माझ्यासोबत झालं... अन् भर दुपारी झालं.

साल चौऱ्याऐंशी, ऑगस्ट महिना. भामरागडच्या पलीकडचं एक गाव.

माझा मोठा भाऊ वामनदादा तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याले न्यूमोनिया झाला म्हणून मी आरमोरीहून गेलो, अन् मागं नदीनं रस्ता तोडला. डॉक्टर पल्याड अडकले. गोळ्या होत्या. दादाले कोरडं ठेवणं तेवढं माझ्या हातात होतं.

अन् तेच जमत नोहतं.

दवाखाना इंग्रजांच्या काळच्या बंगल्यात. बाकी खोल्या पडलेल्या, एकच उभी. तिच्या छतावर धुराडं. धुराड्याच्या बुडाशी, कवेलूत, म्हणजे कौलांत, पाणी शिरू नये म्हणून, शिशाची पट्टी ठोकलेली असते. ती हातभर फाटली होती. पाणी लाकडावरून खोलीभर पसरे. खाट कुठीही सरकवा, दादा भिजेच.

ताडपत्री बांधली, वाऱ्यानं उडाली. शिसंच पाहिजे होतं.

मसनवटीत झिंगूच्या नावानं उभ्या केलेल्या दगडाजवळ त्याचं जाळं टांगलं होतं. झिंगू गावातला मासे धरणारा, मागच्याच महिन्यात पुरात बुडालेला. तिथले माडिया आदिवासी मेलेल्याच्या वस्तू त्याच्यापाशीच ठेवतात, कोणी हात लावत नाई. जाळ्याच्या काठाले शिशाचे मणी होते... तीनेक किलो.

मी म्हटलं, मेलेल्याले आता काय मासे धरायचे आहेत? आम्ही जयभीमवाले, असलं मानत नाई. मणी तोडले, वितळवले, सपाट दगडावर ओतले. ठोकून पट्टी केली अन् बसवली.

गळती बंद. एक थेंब नाई!

दादा कित्येक दिवसांनी हसला. "बापू, तू त लेका कलाकार आहेस."

चौकीदार दसरू वर पाहत राह्यला. "भाऊ, शिसं कुठून आणलं?"

मी सांगतलं.

त्यानं घोंगडी उचलली अन् बाहेर जाऊन बसला... पावसात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा म्हणाला, "वरतं कोण जाळं ओढून राह्यलं?"

मीही ऐकलं. सर्र... सर्र... कवेलूवरून काहीतरी ओलं, जड.

वर चढलो. कोणी नाई.

खाली आलो तर गादी ओली. छत कोरडं, चादर कोरडी. गादी खालून भिजलेली... अन् तिले नदीच्या गाळाचा वास.

दादाले खोकल्याची उबळ आली. तोंडातून पाणी पडलं. गढूळ.

"वापस देऊन ये, भाऊ!" दसरू दारातून ओरडला. "काऊन थांबला?"

पाऊस धो धो. पट्टी काढली की पाणी दादावर. पण करता काय? उखडली, खांद्यावर टाकली अन् चिखलातून पळालो.

जाळं तिथीच होतं.

त्याच्या काठाले मणी होते. सगळे... जसेच्या तसे.

मग माझ्या खांद्यावर होतं ते काय?

मी पट्टी दगडापाशी ठेवली. हात जोडले. न मानणारा माणूस मी, ढसाढसा रडलो.

परत आलो त खोलीत धारा लागलेल्या. दसरूनं एकट्यानं खाट दाराशी ओढली होती. दादा चिंब होता. श्वास नोहता.

डॉक्टर आठवड्यानं आले. सगळं ऐकून म्हणाले, "छातीत पाणी झालं असंल. या रोगात होते तसं."

होत असंल. घरी मी तेवढंच सांगतलं.

सत्यशीलावहिनीनं एकदाच विचारलं, "भाऊजी, छत त तुम्ही नीट केलतं ना?"

चाळीस वर्षं झाली. दादा पट्टी बसवली म्हणून गेला, की काढली म्हणून... मले अजून कळलं नाई. वहिनीही गेली आता. तिले उत्तर द्यायचं राहूनच गेलं.